लँग-एस्टरसन यांच्या ग्रंथातील कुटुंब

आर. डी. लँग व एरन एस्टरसन या दोन मनोविकारतज्ज्ञांचा ‘सॅनिटी, मॅडनेस अँड द फॅमिली’ हा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. छिन्नमनस्कतेचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचे, निदान झालेल्या अकरा स्त्रिया आणि त्यांचे आप्त यांच्या मुलाखती हा त्याचा विषय होय. रुग्णालयात निरर्थक वाटणारे रुग्णाचे बोलणे घरातील परस्परव्यवहाराच्या संदर्भात अर्थपूर्ण ठरते काय, असा प्रश्न लेखकद्वयाने विचारला आहे.

पहिलेच प्रकरण या ग्रंथाचे सामर्थ्य दाखविते. माया ॲबट हिचे (नाव अर्थातच बदललेले) आईवडील मुलाखत चालू असता एकमेकांना सूचक खुणा करीत. त्या मुलाखतकारांनाही दिसत. मायाने त्याविषयी विचारले की मात्र ते साफ इन्कार करीत. जे विकाराचे लक्षण म्हणून नोंदले जाते, त्याच्या तळाशी अचूक निरीक्षणही असू शकते, हे यापूर्वी इतक्या प्रत्ययकारी रीतीने क्वचितच मांडले गेले असेल. रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे असते, हा धडा या ग्रंथाने दिला, आणि त्याचे मोल आजही कमी झालेले नाही.

परंतु ग्रंथाची खरी उणीवही येथेच आहे. ‘खंड पहिला’ म्हणून तो निघाला. सामान्य कुटुंबांविषयीचा पुढील खंड कधीच आला नाही. कुटुंब हे विकाराचे कारण आहे असा आपला दावा नाही, असे लेखकांनी १९७०च्या आवृत्तीत बजावले खरे. तथापि प्रकरणांची मांडणीच अशी आहे की वाचक निकालापर्यंत आपोआप पोहोचतो. आईवडील प्रारंभापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत. उपचार हा ग्रंथाचा विषय नव्हे, हे मान्य केले तरी या माणसांनाही साहाय्याची गरज असेल, ही शंका तेथे फारशी डोकावत नाही. दोष कोणाचा, हा प्रश्न एकदा घरात शिरला की तो बहुधा आईच्याच माथी येऊन बसतो. यास इंग्लंडही अपवाद नाही.

याच सुमारास दुसरी एक विचारधारा तेथेच आकार घेत होती. रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या पुरुषांत विकार अधिक वेळा उलटतो, असे जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांना १९५८ मध्ये आढळले. त्यातून घरातील टीका व अतिकाळजी मोजण्याची पद्धत निघाली. ज्यूलियन लेफ यांच्या गटाने १९८२ मध्ये अशा २४ कुटुंबांवर प्रयोग केला. औषधे सर्वच रुग्णांना चालू होती. निम्म्या कुटुंबांना विकाराची माहिती, आप्तांची एकत्र बैठक व घरी जाऊन केलेली चर्चा यांची जोड दिली. नऊ महिन्यांत विकार उलटण्याचे प्रमाण या गटात ९ टक्के, तर इतर गटात ५० टक्के आढळले. गट लहान होता, हे विसरून चालणार नाही. तरीही येथे आप्त हा सहकारी ठरला, हा फरक मूलगामी आहे.

इंग्लंडच्या २०१४च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने घरच्यांबरोबर राहणाऱ्या किंवा त्यांच्याशी निकटचा संबंध असलेल्या रुग्णांसाठी कुटुंबोपचाराच्या किमान दहा बैठकी सुचविल्या, आणि प्रत्येक रुग्णास संवादात्मक मानसोपचाराच्या किमान सोळा. शिफारस आणि प्राप्ती यांतील अंतर मात्र मोठे राहिले. ज्यांना या मानसोपचाराचा लाभ होऊ शकेल, अशा दहांपैकी एकालाच तो मिळतो, असे तेथील स्किझोफ्रेनिया आयोगाने २०१२ मध्ये नमूद केले होते. प्रशिक्षित माणसे व त्यांचा मोकळा वेळ या दोन्हींची टंचाई हे त्याचे उघड कारण. ज्या घराला आपण आरोपी आहोत असे वाटते, ते बैठकीस येण्यास कचरते. हे कारण कोणत्याही कोष्टकात सहसा उतरत नाही.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो, कारण येथे बहुसंख्य रुग्ण घरीच असतात. सातारा, गोवा व तामिळनाडू येथील २८२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते रुग्णाच्या घरी जात. केवळ दवाखान्यातील उपचारांपेक्षा लाभ माफक, पण निश्चित दिसला. तामिळनाडूच्या ग्रामीण भागात तो अधिक ठळक होता. लँग व एस्टरसन ध्वनिमुद्रक घेऊन कुटुंबांपुढे बसले ते घडलेले समजून घेण्यासाठी. हे कार्यकर्ते उंबरठा ओलांडीत ते औषध चुकू नये आणि घरच्यांनी रुग्णाशी कसे बोलावे, यासाठी.