'उचल्या'तील बालपण

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाचा विचार बहुधा सामाजिक दस्तऐवज म्हणून होतो. त्याचे वाङ्मयीन मर्म मात्र बालकाच्या दृष्टीत आहे. १८७१ मध्ये प्रथम आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु जमातीवरील डाग पुसला गेला नाही. म्हणून येथे पोलिसांची झडती नित्याच्या घरव्यवहारासारखी येते. मारहाण व उपासमार यांतूनच मुलाला घरची माणसे उमगतात. त्याचे शाळेत जाणेही जमातीला अशुभ वाटते. उत्तरार्धात कार्यकर्त्याचे वृत्तकथन बळावते आणि ही दृष्टी काहीशी मंदावते. तथापि चोरी ही रक्तातील वृत्ती नव्हे, लादलेली उपजीविका होय, हे पूर्वार्धातील अनुभवच पटवितात. त्यांना वेगळ्या प्रतिपादनाची गरज भासत नाही.