नसलेल्या कन्सोलशी तुलना

सिनॉप्सिस घेऊन गेलं की गाईड हमखास विचारतात, "तुलना कशाशी करताय?" पहिल्या वर्षी मला हा प्रश्न निव्वळ छळ वाटायचा. त्याची किंमत कळली ती एका गेमिंग कन्सोलवरून. आमच्या लॅबमधल्या एका सीनियरकडे एलसीडी पडद्याचा जुना निन्टेन्डो स्विच आहे. त्यामुळे 'ओलेड मॉडेल म्हणजे नुसती रंगरंगोटी' हा वाद चहाला अधूनमधून निघतोच, आणि मी त्यात कायम एकटा पडतो. आज माझी बाजू लिहूनच काढतो.

आधी घडलं काय ते. 6 जुलै 2021 रोजी निन्टेन्डोने स्विचचं ओलेड मॉडेल जाहीर केलं आणि 8 ऑक्टोबरला ते बाजारात आलं. 6.2 इंची एलसीडीच्या जागी 7 इंची ओलेड पडदा, 32 जीबीऐवजी 64 जीबी साठवण, मागे पूर्ण रुंदीचा स्टँड, डॉकला लॅन केबलची सोय. किंमत 300 डॉलरवरून 350. प्रोसेसर मात्र तोच. पडद्याचं रिझोल्यूशन तेच 720पी, टीव्हीला जोडलं तर जास्तीत जास्त 1080पी, तेही आधीइतकंच. चाहते भडकले. कारण त्याआधी कित्येक महिने बातम्या फिरत होत्या की टीव्हीवर फोर-के दाखवणारा नवा, दमदार स्विच येतोय. लोकांनी त्याचं बारसंसुद्धा उरकलं होतं: 'स्विच प्रो'.

निन्टेन्डोने 'प्रो' कधी जाहीरच केला नव्हता. म्हणजे ओलेड मॉडेल ज्या वस्तूपुढे कमी पडलं, ती वस्तू अस्तित्वातच नव्हती. अशी बेसलाइन घेऊन तुम्ही प्रपोजल मांडलंत तर कमिटी दोन मिनिटांत घरी पाठवेल. 'कंपनीने काय बनवायला हवं होतं?' हा एक प्रश्न. 'जे बनवलं ते आधीच्यापेक्षा बरं आहे का?' हा दुसरा. पहिला प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही, पण त्याचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहायचं नाही. दुसऱ्याचं उत्तर मोजता येतं, म्हणून मोजूया.

'पडदा फक्त 0.8 इंचाने मोठा' हे वाक्य तेव्हा फार ऐकू यायचं. पण 7 आणि 6.2 ही कर्णाची मापं आहेत. लांबी-रुंदीचं प्रमाण सारखं असेल तर क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गानुसार वाढतं. 7 भागिले 6.2, त्याचा वर्ग, साधारण 1.27. म्हणजे पडदा 27 टक्क्यांनी मोठा. आकडा तोच, पण कोणतं माप सांगायचं यावर तो क्षुल्लक की भरघोस वाटणार हे ठरतं. (थिसिसमधल्या आलेखांतही ही गंमत चालते. परीक्षकांना ती दिसते.)

यावर सीनियरचा मुद्दा असा: पिक्सेल तेवढेच आणि पडदा मोठा, म्हणजे चित्र फुटणार. हा खरा आक्षेप आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. 1280 गुणिले 720 पिक्सेल 6.2 इंचांत बसवले तर इंचाला 237 येतात, 7 इंचांत 210. घनता घटली, हे मान्य. पण डोळ्याला ते कळतं का? सामान्य नजरेचा माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एका मिनिटाइतका तपशील वेगळा ओळखतो. कन्सोल डोळ्यांपासून 40 सेंटीमीटरवर धरला, तर जुन्या पडद्यावरचा एक पिक्सेल 0.92 मिनिटाचा कोन करतो आणि नव्यावरचा 1.04 मिनिटांचा. म्हणजे आपण बरोबर उंबरठ्यावर आहोत. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला किंवा कन्सोल नाकाशी धरणाऱ्याला फरक दिसेल, बाकीच्यांना क्वचितच. आणि या किरकोळ तोट्याच्या बदल्यात मिळतो ओलेडचा काळा रंग. एलसीडीत मागचा दिवा चालूच असतो, म्हणून काळा करडा दिसतो. ओलेडमध्ये पिक्सेल स्वतः विझतो. मेट्रॉइड ड्रेड हा अंधाऱ्या बोगद्यांचा गेम नेमका त्याच दिवशी बाजारात आला, हा काही निव्वळ योगायोग नसावा.

फोर-केची तक्रार तर मूळात टीव्हीची आहे. हातातल्या सात इंचांवर फोर-के घेऊन करायचं काय? शिवाय अर्धवट ताकदवान मॉडेलचा तोटा निन्टेन्डोने आधी पाहिला होता. 2014 मध्ये आलेल्या 'न्यू 3डीएस'मध्ये वेगवान प्रोसेसर होता. पुढच्याच वर्षी झेनोब्लेड क्रॉनिकल्स 3डी हा गेम आला, तो फक्त त्यावरच चालायचा. जुना 3डीएसवाला बसला बघत. ओलेडमुळे अशी फूट पडली नाही. माझ्या सीनियरचा जुना स्विचही अडगळीत गेला नाही, हे तो सोयीस्करपणे विसरतो.

एका तक्रारीपुढे मात्र मी हात टेकतो. जॉय-कॉनची स्टिक न हलवताही पडद्यावरचं पात्र सरकत राहतं, ही तक्रार जुनी होती. 2020 मध्ये निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली होती. तरी ओलेडसोबतच्या जॉय-कॉनची रचना बदललेली नाही, असं कंपनीनेच सांगितलं. 50 डॉलर जादा घेताना आधी हे दुरुस्त करायला हवं होतं. ही तुलना अफवेशी नाही, नीट चालणाऱ्या स्टिकशी आहे.

2023 च्या नोव्हेंबरात व्हॉल्व्हने स्टीम डेकचं ओलेड मॉडेल आणलं. रिझोल्यूशन तेच, गेम चालवायची ताकद जवळपास तेवढीच. त्याचं स्वागत झालं. मी ताबडतोब म्हटलं, बघा, अपेक्षांचा परिणाम सिद्ध! पण घाई झाली. तिथे बॅटरीही 40 वरून 50 वॉट-तास झाली होती आणि पडदा 60 ऐवजी 90 हर्ट्झचा. एका वेळी तीन चलं बदलली असताना श्रेय एकालाच देता येत नाही. व्हॉल्व्हने मोठ्या झेपेची आशा आधीच मोडून ठेवली होती, त्याचाही हात असणार. किती, ते या एका उदाहरणावरून सांगता येणार नाही.

मग 5 जून 2025 ला स्विच 2 आला. वेगवान प्रोसेसर, 7.9 इंची 1080पी पडदा, 120 हर्ट्झ, टीव्हीवर फोर-के. 2021 मध्ये मागितलेलं जवळजवळ सगळं. आणि तक्रार काय? पडदा एलसीडी आहे, ओलेड का नाही?

हे सांगितलं तेव्हा सीनियर म्हणाला, यातून काही सिद्ध होत नाही, दोन्ही वेळी ओरडणारी माणसं वेगवेगळी असू शकतात. 'चाहते' म्हणजे काही एक माणूस नव्हे. मुद्दा बिनतोड आहे. फक्त दोन्ही वेळी ओरडणाऱ्यांत तो स्वतः होता.