जुन्या गाडीचे 'मूळ रूप' कोणते?

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात हमखास कानावर पडणारे वाक्य म्हणजे, 'अगदी शोरूममधून काढल्यासारखी दिसते!' मालकाला ती मोठी पावती वाटते. मला मात्र गेली काही वर्षे हे वाक्य ऐकले की शंका येते. साठ-सत्तर वर्षांची गाडी आज शोरूममधून काढल्यासारखी दिसत असेल, तर मधली साठ-सत्तर वर्षे गेली कुठे? आपल्याकडे व्हिंटेज गाड्यांवर जे लिहिले जाते त्यात हा प्रश्न क्वचितच येतो. गाडी कोणत्या संस्थानिकाची, हेडलाइट कुठून मागवले, रंगाचे किती हात दिले, एवढे सांगितले की लेख संपतो. दुरुस्तीबद्दल लिहायचे म्हणजे खर्चाबद्दल लिहायचे, अशी आपली समजूत झालेली आहे.

'मूळ गाडी' म्हणजे काय, हा प्रश्न १९९० साली लंडनच्या न्यायालयात उभा राहिला होता. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला होता. हीच गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. घेणाऱ्याने नंतर हात आखडला. त्याचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे. वरवर पाहता त्याचे खोटे नव्हते. शर्यतींच्या धामधुमीत तिचे भाग सतत बदलले गेले, इंजिन बदलून आठ लिटरचे बसवले, १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या अपघातात चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला आणि त्यानंतर ती पुन्हा उभारली गेली. १९२९ सालचे तिच्यात जवळजवळ काहीच उरले नव्हते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांच्या निकालाचा मथितार्थ असा, की नवे भाग येत गेले तरी ते एका अखंड चालत आलेल्या गाडीत सामावत गेले आणि कोणत्याही टप्प्यावर तिची ओळख तुटली नाही. त्यांच्या लेखी अस्सलपणा सुट्या भागांच्या तारखांवर ठरत नव्हता, अखंड इतिहासावर ठरत होता.

आता हीच बेंटली आपल्या आरटीओत नोंदवायला आणली आहे, अशी कल्पना करू. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेतला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि फेरनोंदणीला पाच हजार. अट एवढीच, की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याचे 'सब्स्टॅन्शियल ओव्हरहॉल' झालेले नसावे. चासी, बॉडी, इंजिन यांत फेरबदल नकोत, असा त्याचा आशय. लंडनमध्ये अस्सल ठरलेली बेंटली इथे पहिल्याच खिडकीवरून परत जाईल.

नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, नोंदणीची सोय झाली हेही खरे. पण शब्द चुकला आहे. गॅरेजमध्ये 'ओव्हरहॉल' म्हणजे इंजिन उतरवून खोलणे, झिजलेले बदलून पुन्हा बांधणे. ते न करता पन्नास वर्षे चाललेले इंजिन गॅरेजमधल्या पोऱ्यालाही दाखवता येणार नाही.

यापुढचा मुद्दा जास्त गंभीर आहे. भारतातल्या जुन्या गाड्या जगल्या त्या फेरबदलांमुळेच. आयातीवर कडक बंधने होती, परदेशी सुटे भाग मिळत नव्हते. मग बुश लेथवर करून घ्यायचे, एका गाडीचा भाग दुसरीला कानस मारून बसवायचा, उरलेले चोर बाजारात शोधायचे. १९७३ नंतर पेट्रोल महागले तेव्हा कितीतरी मोठ्या अमेरिकन गाड्यांची तहानलेली पेट्रोल इंजिने उतरली आणि त्यांच्या जागी पर्किन्ससारखी डिझेल इंजिने चढली. हवानातल्या जुन्या शेवरोलेंचेही असेच झाले आणि ते पाहायला आपले लोक हौसेने क्युबाला जातात. घरची तीच गोष्ट मात्र लपवायची असते. डिझेल इंजिन भंगारात घालून 'बरोबर' इंजिन शोधून आणायचे, याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. काळ्या दगडाच्या देवळाला ऑइलपेंट फासण्यालाही गावोगाव हाच शब्द वापरला जातो.

एक उदाहरण डोळ्यांदेखत घडलेले सांगतो. साठच्या दशकातली एक फियाट ११०० रंगाला आली होती. या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार वाहते. म्हणून तळाचा पत्रा सडला की ती नुसती दिसण्याची बाब राहत नाही. चालकाच्या पायाखालचे जुने आवरण खरवडल्यावर आत एक ठिगळ निघाले. कुणा डेंटरने हाताने पत्र्यात खोबणी ठोकली होती, म्हणजे पत्रा पायाखाली लवू नये. कडा दुमडून गॅस वेल्डिंगचे टाके सारख्या अंतरावर घातले होते आणि सर्वांत खोल जागी पाणी निघायला एक भोक ठेवले होते. मुंबईचा पावसाळा जाणणाऱ्या माणसाचे काम होते ते. मालकाला ते 'देशी जुगाड' वाटले. ठिगळ कापून गेले, सपाट नवा पत्रा बसला, वर जाड काळे कोटिंग झाले. भोक राहिले नाही. प्रदर्शनात गाडीचे कौतुक झाले. दोन पावसाळ्यांनी कार्पेटखाली पाणी साचून तोच कोपरा पुन्हा सडू लागला. जुने ठिगळ ठेवले असते तर गाडीही टिकली असती आणि त्या डेंटरची विद्याही. आज दोन्हींचा फोटोसुद्धा नाही.

याचा अर्थ गंजाची पूजा करावी असा नाही. ब्रेकचे सिलिंडर, स्टिअरिंगचे सांधे, भार वाहणारा पत्रा यांत भावुकपणा चालत नाही. तिथे सडलेले कापलेच पाहिजे. उलट 'जशी आहे तशी' हीसुद्धा आता फॅशन होऊ लागली आहे आणि नव्या रंगावर मुद्दाम ओरखडे काढून देणारेही भेटतात. ते तर रंगरंगोटीपेक्षा वाईट.

पण जगाची नजर बदलते आहे हे निश्चित. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या स्पर्धेत वर्षानुवर्षे आरशासारख्या लखलखीत गाड्या सर्वोत्कृष्ट ठरत आल्या. २०२४ मध्ये तो मान पहिल्यांदाच जपणूक गटातल्या गाडीला मिळाला. ती १९३४ ची बुगाटी टाइप ५९. शर्यतीची कारकीर्द संपल्यावर ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली आणि फ्रेंच निळा रंग जाऊन तिच्यावर काळा रंग आणि पिवळा पट्टा आला. परीक्षकांनी गौरवली ती हीच काळी गाडी. 'मूळ' निळा चढवून ती आणली असती, तर जपणूक गटात तिला जागाच नव्हती. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, केलेल्या ट्युरिन सनदेचा रोखही हाच आहे: शक्य तितके राखा, बदलावे लागलेच तर नवा भाग ओळखू येईल असा ठेवा आणि केलेल्या कामाची नोंद करा.

आपल्याकडे सगळ्यात कच्चे असते ते हे शेवटचे. पुढच्या काळात ही उणीव फार महाग पडेल, कारण आता पाळी प्रीमियर पद्मिनीची आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीचे नाव सत्तरच्या दशकातले, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या गाड्या आत्ता कुठे पन्नाशी ओलांडत आहेत. टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली. टॅक्सीने आयुष्यभर जे सोसले त्यात सीएनजीची टाकी आहे, दोन-तीनदा रिबोर झालेले सिलिंडर आहेत, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याला घरी केलेले बुश आहेत. उद्या कुणी अशी एखादी पद्मिनी 'मूळ रूपात' आणायला घेईल तेव्हा हे सगळे आधी काढून टाकेल. पद्मिनी मुंबईची झाली ती नेमकी याच गोष्टींमुळे.

नियमात सुधारणा फार मोठी नको. नोंदणीच्या अर्जाला एक जोडपत्र असावे: कोणता भाग कधी बदलला, का बदलला, कोणी बदलला, काढलेला भाग कुठे आहे. प्रदर्शनाच्या परीक्षकांनी त्या कागदाला रंगाइतकेच गुण द्यावेत. मी अशी एकच वही पाहिली आहे, एका निवृत्त मालकाची. पहिल्या पानापासून तेल बदलल्याच्या तारखा, किलोमीटर, टॅपेटचे अंतर. मधे एका पावसाळ्यात कुलाब्याला गाडी पाण्यात अडकली त्याची नोंद, डिस्ट्रिब्युटर उघडून वाळवला तेवढे लिहिलेले. आणि प्रत्येक मोठ्या कामापुढे मिस्त्रीची सही. एका ठिकाणी सहीऐवजी अंगठा आहे, त्यात ग्रीस तसेच राहिले आहे.