तिसऱ्या घंटेनंतर

तिसरी घंटा होते आणि दिवे मंदावू लागतात. पडदा अजून हललेला नसतो. खुर्चीचा नंबर शोधणारे, वड्याचा कागद चुरगाळणारे, मागच्या रांगेतल्या ओळखीच्यांना हात करणारे सात-आठशे लोक त्या अर्ध्या मिनिटात गप्प होतात. ही शांतता नाटक कंपनी आणत नाही, प्रेक्षक आणतात. पुढच्या अडीच तासांचं बरंचसं भवितव्य तिच्यावर अवलंबून असतं.

आपल्याकडे रंगभूमीची चर्चा होते ती संहिता, कलावंत, नाट्यगृहांच्या तारखा आणि तिकिटांचे दर यांची. प्रेक्षकांबद्दल एकच प्रश्न विचारला जातो, ‘बुकिंग कसं आहे?’ पण प्रेक्षक घडतो कसा, हे फारसं कुणी विचारत नाही. नट घडतो, गायक घडतो, तसा प्रेक्षकही घडावा लागतो. तो घडतो दुसऱ्या जाणत्या प्रेक्षकाच्या शेजारी बसून. आजच्या प्रयोगकलांची तब्येत पाहायची असेल, तर ही शेजारची जागा कुठे भरलेली आहे आणि कुठे रिकामी पडली आहे, ते पाहावं लागेल.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते संस्थानिकांच्या आश्रयाने. पुढे नाटक तिकिटावर आलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगलं आणि मराठी माणसाच्या कानाला नाट्यपदांची गोडी लागली. या प्रेक्षकाने स्वतःसाठी एक हक्क मिळवला, वन्समोअरचा. पद पुन्हा गाऊन घ्यायचं आणि दुसऱ्या वेळी गायक वेगळी कोणती जागा घेतो ते टिपायचं. बालगंधर्वांच्या काळात या हौसेपायी प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबत. त्यात नाटकाचं नुकसान झालं. कथानक पदांच्या ओझ्याखाली दबलं आणि प्रसंगाचा ताण सैल पडला, हे मान्य करायला हवं. पण त्याच हौसेने नाट्यगृहाबाहेर एक शाळा चालवली. पहाटे घरी परतताना चाल गुणगुणली जाई, ती माजघरात पोचे, भजनी मंडळात शिरे. रागाचं नावही ठाऊक नसलेल्या माणसाच्या कानात भीमपलास मुरत जाई.

साठच्या दशकात ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ आली, तेव्हा जितेंद्र अभिषेकींनी पदांची लांबी आवरली आणि गाणं पुन्हा प्रसंगाला जोडलं. प्रेक्षकाने हा बदल आनंदाने स्वीकारला, कारण त्याचा कान आधीच तयार होता. अलीकडे प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’ने तेच नव्याने दाखवून दिलं. तुकोबांची आवली आणि लखूबाईच्या रूपात आलेली रखुमाई, रंगमंचावर अशा दोनच बायका. तरीही प्रेक्षकांनी हे नाटक वर्षानुवर्षं उचलून धरलं. संगीत नाटकाला प्रेक्षक नाही, हे पालुपद आता थांबवावं. प्रेक्षक आहे, त्याच्यापर्यंत पोचणारी नाटकं थोडी आहेत.

मैफलीची गोष्ट थोडी वेगळी आहे. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. पुढे रात्रभर चालणारा महोत्सव म्हणून तो ओळखला गेला. थंडीत शाल लपेटून भारतीय बैठकीवर मांडीला मांडी लावून बसायचं, मध्यरात्री चहाला उठायचं आणि पहाटेच्या भैरवीला परत जागेवर यायचं, अशा रात्रींत कित्येकांचा कान तयार झाला. समेवर शेजारच्या आजोबांचा हात मांडीवर पडला, की नवख्याला कळे, इथे काहीतरी पूर्ण झालं. चार आवर्तनांनंतर त्याचाही हात आपोआप पडे. कोणत्याही पुस्तकाला हे शिकवता येत नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. आजारी माणसं आणि अभ्यास करणारी मुलं यांचा विचार करता नियम योग्यच आहे. पण त्याची किंमत संगीताने मोजली. मालकंस, दरबारी या रागांची वेळ येण्याआधीच मंडप रिकामा होतो. ललित, भटियार ऐकायचे तर सकाळची वेगळी मैफल शोधावी लागते. बंदिस्त सभागृहात पहाटेच्या मैफली ठरवून वाढवल्या, तर हे नुकसान काही अंशी भरून निघेल. छोट्या घरगुती बैठकी तर वाढायलाच हव्यात. पन्नास माणसांत गायकाला प्रत्येक चेहरा दिसतो आणि दाद थेट त्याच्यापर्यंत पोचते. हजारोंच्या मंडपात श्रोता पडद्यावरचा चेहरा पाहतो आणि टाळ्या रागापेक्षा तयारीला पडतात.

शहरी नाटकाचा प्रेक्षक संपला, असं कुणी म्हणू नये. प्रशांत दामले यांनी २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग केला, तो रिकाम्या खुर्च्यांपुढे नव्हे. शनिवार-रविवारी शिवाजी मंदिर, यशवंत, बालगंधर्व या नाट्यगृहांच्या खिडक्यांवर गर्दी दिसते. पण आठवड्यातले इतर दिवस ओस पडलेले असतात. चौघांचं कुटुंब नाटकाला निघालं तर तिकीट, प्रवास आणि खाणं धरून मोठी रक्कम जाते. मग आई-बाबा दोघेच येतात आणि आजी नि मुलं घरी राहतात. जाणत्याकडून नवख्याकडे जाणारी साखळी तुटते ती इथे.

त्याचं फळ अंधारात दिसतं. मागे एका नाट्यगृहात माझ्या पुढच्या रांगेत एक तरुण भर प्रसंगात मोबाइल उघडून बसला होता. रंगमंचावर एक बाई मुलाच्या मरणाची बातमी ऐकत होती आणि तो निळा उजेड आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. त्याला कुणीच काही बोललं नाही. मीही बोललो नाही, आणि ते मला अजून टोचतं. २०१९ मध्ये सुमीत राघवन, सुबोध भावे यांच्यासारख्या नटांना मोबाइलबद्दल जाहीरपणे बोलावं लागलं. वास्तविक हे काम नटाचं नाही, शेजाऱ्याचं आहे. घराच्या सोफ्यावर एकट्याने पाहण्याची सवय लागलेल्या माणसाला, इथे आपल्या वागण्याचा इतरांवर परिणाम होतो, हे कुणीतरी शेजारी बसूनच सांगायचं असतं.

तरुणांत ओढ नाही असं नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात आरोळ्यांनी छप्पर उडेल असं वाटतं, आणि त्याच मुलांना एकांकिकेतला खोटा क्षण लगेच ओळखता येतो. १९७४ नंतर दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने छोट्या सभागृहात प्रायोगिक नाटकाचा जाणकार प्रेक्षक घडवला. तशा जागा गावोगावी हव्यात.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत ही शेजारची जागा अजून भरलेली आहे. दिवाळीनंतर वडशाच्या नाट्यमंडळांचा हंगाम सुरू होतो. गावचं मंडळ नाटक ठरवतं, लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात आणि सोयरिकीही तिथेच जुळतात. रात्रभर नाटक चालतं. या रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सिनेमाच्या गाण्यांवरच्या नाचांना तिथेही जागा वाढते आहे, ही काळजीची बाब आहे. पण नाटक गावाचं आहे, ही भावना टिकून आहे. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकरीच तोंडाला रंग लावतात, तिथेही हेच दिसतं. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा शहराच्या डोळ्यांत पाणी आलं. शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू लोकांना आपल्या घरासारखी वाटत होती.

उपाय फार मोठे नाहीत. पालिकेच्या नाट्यगृहांनी आठवड्याच्या मधल्या दिवसांचं भाडं उतरवावं, म्हणजे तिकीटही उतरेल. शाळांच्या मुलांना दुपारचे प्रयोग मिळावेत. घरातल्या तीन पिढ्या एकत्र आल्या तर एका तिकिटात सवलत द्यावी. आणि ज्याला नाटक कळतं, त्याने वर्षातून दोनदा तरी नाटक न पाहिलेल्या माणसाला सोबत न्यावं.

सिंधुदुर्गातल्या एका जत्रेत मी दशावतार पाहत होतो. पालखी फिरून झाली होती, मध्यरात्र उलटली होती. मंचावर एक बाकडं, बाजूला पेटी आणि मृदंग. काळ्या कपड्यातला, लांब लाल जिभेचा संकासुर आला आणि समोर बसलेल्यांशी मालवणीत बोलू लागला. माझ्याजवळ गोधडीत गुरफटलेलं सहा-सात वर्षांचं पोर आजीच्या कुशीत दडलं. आजीने त्याचं तोंड हलकेच मंचाकडे वळवलं आणि कानाशी पुटपुटली, “भिया नको, तो आपलोच आसा.” थोड्या वेळाने ते पोर गोधडीतून बाहेर आलं, पुढे सरकून बसलं आणि संकासुराने विचारलेल्या प्रश्नाला त्याने सगळ्यांच्या आधी मोठ्याने उत्तर दिलं.