प्राणवायुवेदी प्रथिनांचे केंद्रकगमन : पुराव्याची चिकित्सा

पेशीस प्राणवायूची उणीव कशी कळते, या प्रश्नाच्या उकलीबद्दल २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक केलिन, रॅटक्लिफ व सेमेंझा यांस मिळाले. त्या उकलीचा गाभा सुपरिचित आहे. प्राणवायू पुरेसा असता पीएचडी वर्गातील विकरे हिफ-१ अल्फा या प्रथिनातील ४०२ व ५६४ या स्थानांवरील प्रोलिनांचे हायड्रॉक्सिलीकरण करतात आणि त्या खुणेमुळे त्याचा नाश ओढवतो. प्राणवायू घटला म्हणजे हिफ टिकते व केंद्रकात जाऊन जनुके कार्यान्वित करते. तथापि हा वेध पेशीच्या कोणत्या भागात घेतला जातो, याविषयी जे ठरीव उत्तर दिले जाते ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पीएचडी-१ केंद्रकात, पीएचडी-२ मुख्यतः पेशीद्रवात व पीएचडी-३ दोहोंत, असे ते उत्तर होय. २००३ मध्ये मेट्झेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या प्रकाशमान प्रथिनाची जोड देऊन हा नकाशा सिद्ध केला. त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यावरून काढली जाणारी अनुमाने तितकी निर्दोष नाहीत.

पहिला दोष हा की, वसतिस्थान म्हणजे संचार नव्हे. ल्यूबेक येथील संशोधकांनी २००९ मध्ये दाखविले की, पीएचडी-१ चा केंद्रकप्रवेश इम्पोर्टिन अल्फा-बीटा यांच्या द्वारे होतो; पीएचडी-२ मात्र दोन्ही कक्षांत सतत ये-जा करते व सीआरएम-१ या निर्यातवाहकाच्या साह्याने बाहेर पडते. म्हणजे पेशीद्रवात ते अधिक दिसते याचा अर्थ ते केंद्रकात जात नाही असा नसून, आयातीपेक्षा निर्यात वरचढ आहे एवढाच होतो. स्थिर छायाचित्रावरून वेग ठरविता येत नाही.

दुसरा दोष साधनाचा आहे. केंद्रकरंध्रांतून सुमारे ४० हजार डाल्टनपर्यंतची प्रथिने वाहकाविना पसरू शकतात. ही मर्यादा काटेकोर नसली तरी दुर्लक्षणीयही नाही. पीएचडी-३ केवळ २३९ अॅमिनो आम्लांचे, म्हणजे सुमारे २७ हजार डाल्टनांचे आहे. त्यास तितक्याच वजनाची प्रकाशमान जोड दिली की ते मर्यादेच्या पलीकडे जाते. मग आपण मूळ प्रथिनाचा मार्ग पाहतो की आपणच घडविलेल्या संयुक्त प्रथिनाचा?

तिसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. पीएचडी-२ च्या निर्गमनास आरंभीची १०० अॅमिनो आम्ले लागतात, असे त्याच गटाचे म्हणणे आहे. परंतु याच भागात जस्त धारण करणारा एक स्वतंत्र घटक आहे. तो समूळ छाटला असता केवळ निर्यातच बदलली, इतर संबंध अबाधित राहिले, असे गृहीत धरता येणार नाही. येथे एकेका अवशेषाचा बदलच अधिक बोलका ठरेल.

म्हणून कोणत्याही नव्या दाव्यास तीन कसोट्या लावाव्यात : प्रथिन नैसर्गिक प्रमाणात व जोडीविना पाहिले आहे काय, निर्यात रोखून आयातीचे स्वतंत्र मापन केले आहे काय, आणि स्थान बदलताच हिफच्या हायड्रॉक्सिलीकरणात मोजण्याजोगा फरक पडला काय? तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. रॉक्साडुस्टॅटसारखी पीएचडी-रोधक औषधे वृक्करोगातील रक्तक्षयावर वापरात आली आहेत. ज्या विकरास आपण रोखतो त्याचे कार्य नेमके कोठे चालते, हा प्रश्न आता केवळ तात्त्विक कुतूहलाचा राहिलेला नाही.