खड्याचा ठावठिकाणा

आईच्या देव्हाऱ्यात पितळी ताटलीत तीन दगड होते. वरच्या पायरीवर अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि खंडोबाचा टाक. खाली हे तिघे. त्यांनाही रोज पाणी आणि हळदीकुंकू मिळे. गेल्या वर्षी आई गेली. घरात नवा संगमरवरी देव्हारा आला, तेव्हा ती ताटली वहिनींनी माझ्याकडे दिली. "भाऊजी, तुम्ही दगडांवर लिहिता, तुम्हीच ठेवा," एवढंच त्या म्हणाल्या. खरं तर मी दगडांवर लिहीत नाही. जालन्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, शिक्षण बारावीपर्यंत. पंचवीस वर्षं ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचतो आणि वहीत टिपणं करतो. त्यांतली दैवतांवरची टिपणं काढून बसलो, तेव्हा लक्षात आलं की माझ्या वाचनात आईच्या ताटलीला जागाच नाही.

त्या तिघांपैकी दोघांची माहिती मला आहे. पहिला गारेचा तुकडा, मोहरा आलेला, किंचित हिरवट. वडील विहिरी खोदणाऱ्या टोळीत होते. आमच्याकडे वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्याच्या पोकळ्यांत असे मोहरे सापडतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि त्यातून गारा व झिओलाइटचे स्फटिक जमले. जालन्याचे स्फटिक आज परदेशी संग्राहकांकडे जातात. सिन्नरला अशा स्फटिकांचं मोठं गारगोटी संग्रहालय आहे. आईचा तुकडा त्या कपाटांत कुणी ठेवणार नाही, कडा झिजल्या आहेत. पण बहात्तरच्या दुष्काळात ज्या विहिरीला पाणी लागलं, तिच्यातला तो आहे. दुसरा दुधनेच्या पात्रातला वाटोळा गोटा. आई माहेरी ज्या पाच खड्यांनी खेळायची, त्यांतला एक लग्नात तिने ओच्यात बांधून आणला. तिसरा काळा, चपटा, तळहाताएवढा. त्याविषयी शेवटी बोलू.

मराठीत दगडाच्या देवांवर लिहायचं म्हटलं की दामोदर धर्मानंद कोसंबींपासून सुरुवात करावी लागते. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे त्यांचं पुस्तक १९६२ सालचं. पेशाने गणिती असलेला हा माणूस पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवत शेंदूर फासलेले तांदळे पाहत होता आणि त्यांच्या आजूबाजूला पडलेली सूक्ष्म पाषाणास्त्रं वेचत होता. गावाबाहेर, वाटा जिथे मिळतात तिथे देवी का बसली आहे, हा त्यांचा प्रश्न. त्या वाटा गुरंमेंढरं घेऊन हंगामी फिरणाऱ्या माणसांच्या आहेत; पुढचे व्यापारी मार्ग आणि लेणी त्याच वाटांच्या आधाराने आली, हे उत्तर. पुरातत्त्वाचं औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसाने हे केलं, याचा माझ्यासारख्याला आधार वाटतो. (ती पाषाणास्त्रंही बहुतेक गार, अकीक, चाल्सिडनी अशाच दगडांची, म्हणजे वडिलांच्या विहिरीतल्या तुकड्याची भावकी.)

रा. चिं. ढेऱ्यांची वाट निराळी. 'लज्जागौरी' (१९७८) असो की 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४), ते नावाचा माग काढत, स्थळपुराणं उलगडत, शेजारच्या प्रांतातलं भावंड शोधत मुळापर्यंत जातात. विठ्ठलामागे धनगर-गवळ्यांचा देव दिसू लागतो, तेव्हा वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. माझ्या आला होता.

तरीही तक्रार आहे. ती या दोघांविषयी कमी आणि त्यांच्या मागून आलेल्या आम्हा सगळ्यांविषयी जास्त. दगड दिसला की आपण विचारतो, हा कुठल्या काळाचा, कुठल्या समाजाचा, मूळचा कोण? तो इथे कुणी आणला आणि हाच का उचलला, हे विचारायचं राहून जातं. कोसंबींना समाजाचा इतिहास लिहायचा होता. एका बाईने एका गोट्यात काय पाहिलं हा त्यांचा विषय नव्हता. आपण मात्र त्यांच्या उत्तराचा ठसा करून ठेवला. कुठल्याही शेंदरी दगडावर 'आदिम मातृदेवतेचा अवशेष' असा शिक्का मारला की लेख संपतो. मीही असे दोन लेख लिहिले आहेत.

खरं तर उचललेल्या खड्याचा विचार आपल्या आचारांत जुना आहे. कोकणस्थांकडे भाद्रपदात खड्यांच्या गौरी येतात. पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे मुकाट्याने घरी आणायचे, वाटेत बोलायचं नाही. आमच्याकडे महालक्ष्म्या मुखवट्यांच्या, शालू नेसून उभ्या राहणाऱ्या. म्हणून लहानपणी खड्यांची गौर ऐकली तेव्हा गरिबीचा प्रकार वाटला होता. आता वाटतं, मुखवटा वर्षानुवर्षं तोच असतो, खडा मात्र दर वर्षी नव्याने निवडावा लागतो. वाकून हात घालणारीला त्या क्षणी ठरवावं लागतं.

आणि जीवखडा. चितेभोवती फिरताना ज्या खड्याने मडक्याला भोक पाडायचं, तोच दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी. त्याच्यावर तिलांजली, दहाव्याला विसर्जन. तो कसा असावा याला रूपाची अट नाही. आईच्या वेळी स्मशानभूमीत शेड होतं, खाली सिमेंट. दादा खडा शोधत कुंपणापर्यंत गेला आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या ढिगातून क्रशरची खडी उचलून आणली. धारदार, निळसर, यंत्राने फोडलेली. मला राग आला. "दादा, ही खडी?" तो म्हणाला, "मग काय दुधनेला जाऊ आता?" दहा दिवस ती खडी पांढऱ्या फडक्यात तुळशीपाशी होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की येता-जाता मी तिच्याकडे बघून थांबतो. दहाव्याला शहागडला गोदावरीत ती सोडताना दादाची मूठ लवकर उघडेना.

याचा विचार मराठीत कुणी केला असेल तर महानुभावांनी. देव निघून गेल्यावर मागे काय उरतं, याचं त्यांचं उत्तर चार शब्दांत आहे : स्थान, प्रसाद, भिक्षुक, वासनिक. चक्रधर जिथे बसले, निजले, जेवले ती जागा आणि ज्या वस्तूला त्यांचा स्पर्श झाला ती वस्तू वंदनीय. आमच्या भोकरदन तालुक्यात जाळीच्या देवाला गेलं की हे दिसतं. पंथीयांच्या घरी 'विशेष' म्हणून वंदनात असलेल्या पाषाणाची योग्यता आकारावर नसते, संबंधावर असते. 'संबंध' हा त्यांचाच शब्द, आणि आमच्या 'अवशेष'पेक्षा तो मला जास्त उपयोगी वाटतो. अवशेष म्हटलं की दगड मेलेल्या काळाचा होतो.

पण संबंध दगडाच्या अंगावर दिसत नाही, ही अडचण महानुभावांनी ओळखली. म्हणून म्हाइंभट माणसामाणसाकडे जाऊन लीळा विचारत फिरले, आणि म्हणून 'स्थानपोथी' झाली. अमुक गावाच्या अमुक दिशेला, अमुक तोंडाचं देऊळ, तिथे देव बसले होते, अशा नोंदींचं ते पुस्तक. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला दोन ओळी मिळतात, कारण त्यात 'वाङ्मयीन' काही नाही. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हललो. पत्ता विसरला तर ओटा नुसता ओटा राहील, ही धास्ती त्याच्या प्रत्येक नोंदीत आहे.

पुरातत्त्वातही हीच धास्ती असते. भोकरदनला केळणेच्या काठी १९७३ साली उत्खनन झालं. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी नातं सांगणारी मूर्ती तिथे मिळाली, मण्यांचे ढीग मिळाले. त्या मण्यांना थर आहे, नोंद आहे. पण जुन्या पांढरीच्या टेकाडांवर पावसाळ्यानंतर पोरांना जे अकीकाचे मणी मिळतात, ते खिशातून घरात आणि घरातून कुठेतरी जातात. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे आणि पैठणचे बाळासाहेब पाटील यांनी आयुष्यभर असंच वेचलं. त्यांच्या नावांची संग्रहालयं झाली, म्हणून ते वाचलं. मराठवाड्याच्या इतिहासाचा केवढा तरी भाग वाकून उचलणाऱ्यांनी राखला, हे विद्यापीठीय लेखनात तळटिपेत येतं. ते वर यायला हवं.

आता तिसरा दगड. काळा, चपटा, एका बाजूला घासून गुळगुळीत. तांदळ्यासारखा दिसतो, म्हणून लेख लिहायचा तर वाक्य तयार आहे. वरवंट्याचा तुटका भाग असेल, तर आमच्या कुणा भावंडाच्या पाचवीला पुजलेला असेल. आजीकडून आला असेल. आईचा कुणी जीवखडाही असेल, न सोडलेला. आमच्यात एक बहीण तान्हेपणी गेली होती आणि तिच्याविषयी आई कधी बोलली नाही. दादाला विचारलं, त्याला माहीत नाही. धाकट्या मावशीला फोन केला. ती म्हणाली, "तिच्यापाशी व्हता बाबा, पण मी कधी पुसलं न्हाई."

मीही पुसलं नाही. रोज सकाळी तिथे उभा राहून टिळा लावून घेत होतो आणि दुकानाला जात होतो. पहिल्या दोघांसाठी वहीत एकेक पान केलं आहे : कुठला, कुणी आणला, कधी. तिसऱ्याच्या पानावर वजन, माप आणि रंग लिहिला आहे. पाणी मात्र तिघांनाही घालतो.