एका माशाचें चरित्र

कॉड हा मासा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे तो औषधाच्या बाटलीवरून. लहानपणीं नाक धरून गिळलेलें तें तेल कोण विसरेल? मार्क कुर्लान्स्की यांनीं १९९७ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केलेलें 'कॉड' हें पुस्तक ह्याच माशाचें चरित्र होय. कल्पना प्रथम विक्षिप्त वाटते. परंतु बास्क दर्यावर्दी, खारवलेल्या माशाचा व्यापार, राष्ट्रांचीं भांडणें हा सारा इतिहास ग्रंथकारांनीं इतक्या रसाळपणें सांगितला आहे, कीं पुस्तक खालीं ठेववत नाहीं.

आमची तक्रार आहे ती न्यूफाउंडलंडच्या प्रकरणाविषयीं. तेथें १९६८ सालीं आठ लाख टनांवर कॉड निघाला. परकी जहाजें हटविण्यासाठीं कॅनडानें १९७७ सालीं दोनशें मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यांत घेतला. आणि अवघ्या १५ वर्षांनीं, २ जुलै १९९२ रोजीं, मासेमारीच बंद करण्याची पाळी आली. सुमारें ३०,००० माणसें बेकार झालीं. पुस्तक मिटल्यावर मनांत राहतो तो लोभ आणि राहतात तीं अजस्र जहाजें.

लोभ होताच. परंतु दरसाल मासे मोजणारे शास्त्रज्ञही होते, त्यांचें काय? समुद्रांतले मासे कोणी मोजूं शकत नाहीं. अंदाज बांधावा लागतो. एक अंदाज संशोधन-नौकेनें काढलेल्या नमुन्यांवरून, दुसरा व्यापारी जहाजांस ताशीं किती मासे मिळतात त्यावरून. मासे घटले तसे उरलेले दाटीनें एकत्र राहूं लागले, आणि ध्वनियंत्राच्या साह्यानें जहाजें नेमकीं तेथेंच जाऊं लागलीं. समुद्र रिता होत असतां जाळें भरूनच येत होतें! दोन अंदाज जुळेनात, तेव्हां मधला आंकडा धरण्यांत आला. किनाऱ्यावरचे लहान कोळी मासा कमी व बारीक मिळतो म्हणून ओरडत होते. त्यांचें गाऱ्हाणें कोणत्याच कोष्टकांत बसेना. पुढें १९८९ करितां शास्त्रज्ञांनीं सव्वा लाख टनांची मर्यादा सुचविली, तर सरकारनें ठरविली २ लाख ३५ हजारांची.

संशयाचा फायदा येथें दरवेळीं जाळ्याला मिळाला, माशाला कधींच नाहीं. तथापि मंत्र्याची अडचणही खोटी नव्हती. पुरावा संदिग्ध असतां आजच हजारों चुली विझवाव्या, कीं आणखी एक वर्ष वाट पाहावी? चरित्रकाराची लेखणी खरी कसाला लागावयाची ती ह्या ठिकाणीं. ग्रंथकार ह्या पेंचास स्पर्श करतात, पण तेथें थांबत नाहींत. शेवटीं मात्र शतकानुशतकांच्या पाककृती पानेंच्या पानें दिल्या आहेत. त्या चविष्ट असतील. आमच्या घरीं त्यांतील एकही शिजण्याचा संभव नाहीं.

१९९२ ची बंदी दोन वर्षांपुरती म्हणून जाहीर झाली होती. मध्यंतरीं किनाऱ्यालगत थोडीबहुत सवलत मिळाली, परंतु ती औपचारिकपणें उठली २०२४ सालीं, आणि तीही १८,००० टनांची मर्यादा घालून. नव्या आवृत्तींत ग्रंथकारांनीं ह्या बत्तीस वर्षांवर एक प्रकरण अवश्य लिहावें; जागेसाठीं पाककृती गाळल्या तरी आमची हरकत नाहीं.